चिंधी, कागद आणि बाळोते

१९९०च्या दशकात अमेरिकेतील काटकसरी घरांमधून एक कृती हातोहाती फिरत होती. स्वयंपाकघरात वापरतात त्या कागदी रुमालांची जाड गुंडाळी घ्यावी. दातेरी सुरीने तिचे मधोमध दोन तुकडे करावेत. त्यांतील एक तुकडा झाकणाच्या डब्यात उभा ठेवावा. उकळून निववलेले दोन कप पाणी, त्यात दोन मोठे चमचे बाळाच्या अंगाचा पातळ साबण आणि तितकेच बाळाचे तेल मिसळून गुंडाळीवर ओतावे. पाणी मुरले की गुंडाळीच्या पोटातील पुठ्ठ्याची नळी भिजून सैल पडते. ती ओढून काढली की आतले टोक हाताशी येते. झाकणाला छिद्र पाडून ते टोक वर घेतले की बाळाचे बूड पुसायचे ओले रुमाल तयार. कृतीच्या शेवटी बहुधा हिशेब असे : दुकानचा डबा केवढ्याला, घरचा केवढ्याला, आणि महिन्याकाठी वाचले किती.

या वस्तूला मराठीत अजून नाव पडलेले नाही. दुकानात 'वाइप्स' म्हणतात, घरातही तेच. मी येथे 'ओला रुमाल' म्हणतो, आणि तो शब्द अपुरा आहे हे मान्य करतो. कारण रुमाल धुऊन पुन्हा वापरतात, आणि या वस्तूचे सारे वैशिष्ट्य ती धुवावी लागत नाही यातच आहे.

पाककृती, घरगुती उपाय, बचतीच्या युक्त्या हा मजकूर साहित्याचे अभ्यासक सहसा वाचत नाहीत. वाचला तर त्यातील आज्ञार्थी वाक्यरचनेकडे लक्ष जावे. 'घ्यावी', 'ओतावे', 'ठेवावे' या क्रियापदांना कर्ता नसतो. कोणी घ्यावी, कोणी ओतावे, हे लिहिणाराही जाणतो आणि वाचणारीही. पैशाचा रकाना मात्र काटेकोर भरलेला असतो, आणि मजुरीचा रकाना सहसा आखलेलाच नसतो. मला या कृतीचे कुतूहल वाटले ते प्रथम या कारणाने. दुसरे कारण असे की ही कृती घरगुती असली तरी जुनी नाही. ती आजीचे अनुकरण करीत नाही, कारखान्याचे करते. डबा, झाकणाचे छिद्र, मधून ओढून काढायचा कागद, आणि पुसून झाल्यावर फेकून देणे, हे सारे दुकानच्या वस्तूवरून घेतलेले आहे. काटकसर करणारी आई येथे कापडाकडे परतत नाही, कागदाकडे जाते. ती कापडाकडे का परतत नाही, हा या लेखाचा प्रश्न आहे.

आधी दुकानच्या वस्तूचे चरित्र थोडक्यात. सौंदर्यप्रसाधनांच्या उद्योगात काम केलेल्या आर्थर ज्यूलियस याने १९५७ मध्ये न्यूयॉर्कमधील मॅनहॅटन भागातल्या एका माळ्यावर, साबणाचे ठरावीक माप पाडणाऱ्या यंत्रात फेरफार करून, भिजवून पुडीत बंद केलेला हातपुसणा कागद तयार केला. १९५८ मध्ये त्याने 'वेट-नॅप' हे नाव नोंदवले. १९६३ मध्ये त्याचे मोठे गिऱ्हाईक झाले कर्नल सँडर्स यांची तळलेल्या कोंबडीची उपाहारगृहे. म्हणजे या वस्तूचा जन्म पाळण्यापाशी नाही, हॉटेलातील तेलकट बोटांपाशी झाला. बाळाकडे ती नंतर वळली. तिला तेथे जागा करून दिली ती टाकाऊ लंगोटांनी. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीचे 'पँपर्स' १९६१ मध्ये प्रथम चाचणीसाठी विक्रीस आले. लंगोट धुवायचा नसेल तर पुसण्याचे फडके तेवढे का धुवावे, हा प्रश्न ओघानेच आला असणार. पुढे या रुमालासाठी 'न विणलेले' कापड वापरात आले. त्यात ताणा नाही, बाणा नाही; पाण्याच्या जोरदार सूक्ष्म धारांनी तंतू एकमेकांत गुंतवून ते तयार करतात. विणकर आणि माग दोघांनाही वगळून झालेले हे कापड आहे.

कृतीतल्या दुसऱ्या वस्तूचे, म्हणजे कागदी रुमालाचे, कूळ अधिक जुने आणि माझ्या मते अधिक बोलके आहे. फिलाडेल्फियाच्या स्कॉट पेपर कंपनीने १९०७ मध्ये तो प्रथम बाजारात आणला. शाळेत सर्दी झालेल्या मुलांनी एकाच कापडी टॉवेलला हात पुसू नयेत म्हणून एका शिक्षिकेला सुचलेल्या युक्तीवरून तो निघाला, अशी कथा सांगतात. स्वयंपाकघरासाठी छिद्ररेषांवर फाटणारी गुंडाळी आली १९३१ मध्ये. कागद इतका स्वस्त झाला होता की त्याने हात पुसून तो टाकून देणे शक्य होते. शंभर वर्षांपूर्वी ही कल्पना कोणाला सुचलीही नसती.

कारण शंभर वर्षांपूर्वी कागद चिंध्यांपासून होत असे. लाकडाच्या लगद्याची युक्ती जर्मनीत फ्रीडरिश केलर याने १८४०च्या दशकात काढली आणि ती अमेरिकेत रुजायला एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. तोवर सुती आणि तागाच्या चिंध्या हाच कागदाचा कच्चा माल होता. न्यू इंग्लंडच्या खेड्यांतून कथलाची भांडी विकणारे फेरीवाले हिंडत आणि भांड्यांच्या बदल्यात चिंध्या घेत. त्या चिंध्या कागदगिरणीत जात. सुझन स्ट्रॅसर यांनी अमेरिकेतील कचऱ्याच्या इतिहासावर १९९९ मध्ये पुस्तक लिहिले. त्यात या देवाणघेवाणीचे सविस्तर चित्र आहे. मराठी वाचकाला हे वाचताना बोहारीण आठवल्यावाचून राहणार नाही. दारात बसून लुगड्याच्या घड्या उलगडून बघणारी, 'एवढ्यावर पातेलं नाही येत वहिनी, अजून एक धोतर टाका' म्हणणारी. दोन्हीकडे व्यवहार एकच : जुने कापड द्यावे, भांडे घ्यावे. जुन्या कापडाला किंमत होती, आणि म्हणून घरातल्या प्रत्येक फाटक्या वस्त्रापुढे एक निर्णय उभा असे. याचे भांडे करायचे, गोधडी करायची, की बाळोते?

याच चिंधीच्या युगात, १८२९ मध्ये, लिडिया मारिया चाइल्ड या लेखिकेचे 'द फ्रूगल हाउसवाइफ' हे पुस्तक बॉस्टनमध्ये निघाले. काटकसर म्हणजे उरलेसुरले तुकडे गोळा करणे, आणि त्यात वस्तूंइतकेच वेळेचेही तुकडे आले, असा तिचा रोख आहे. नवऱ्याच्या कर्जाखाली वाकलेला संसार लेखणीवर ओढणाऱ्या बाईने हे लिहिले, हे ध्यानात ठेवावे. चार वर्षांनी, १८३३ मध्ये, तिने गुलामगिरीविरुद्ध पुस्तक लिहिले आणि त्यापायी आपला बराच वाचकवर्ग गमावला. काटकसरीचे पुस्तक आणि गुलामगिरीविरोधी पुस्तक एकाच हातून व्हावे याचा मला अर्थ वाटतो. चाइल्डबाईंचे काटकसरीचे पुस्तक ज्या घरासाठी होते, त्या घरी नोकर ठेवायची ऐपत नव्हती. काम दुसऱ्यावर ढकलता येत नसे, म्हणून तेथे वेळेचा हिशेब दिसतो. जेथे ढकलता येते तेथे तो दिसेनासा होतो. १८८१ च्या जुलैत अटलांटा शहरात कृष्णवर्णीय धोबिणींनी संप केला. वीसेक बायकांनी काढलेल्या संघटनेत काही आठवड्यांतच तीन हजार जणी आल्या. मागणी होती, बारा पौंड कपड्यांना एक डॉलर हा ठरावीक दर. गुलामगिरी संपून सोळा वर्षे झाली होती, आणि शहरातील गोऱ्या घरांचे धुणे याच बायका आपापल्या अंगणात धूत होत्या. धुण्याला मोल आहे हे त्या शहराला त्या दिवसांत कळले असावे.

आता आपल्याकडे येऊ. येथे मूल जन्माला आले की त्याला प्रथम गुंडाळत ते जुन्या कापडात. नवे अंगडे-टोपडे बाराव्या दिवशी, बारशाला. त्याआधी आजीचे किंवा आईचे वापरून मऊ झालेले सुती लुगडे फाडून दुपटी आणि बाळोती केलेली असत. दुपटे हे नावाप्रमाणे दुपदरी. हिंदीतील दुपट्टा त्याच कुळातला. ते अंगावर गुंडाळायचे, अंगाखाली घालायचे. बाळोते त्याहून खालच्या पायरीचे : एकपदरी, आखूड; अंगाखाली, लंगोटाला, पुसायला. नऊ वार लुगडे म्हणजे आठ मीटरहून थोडे अधिक कापड. ते सगळीकडे सारखे विरत नाही. काष्ट्यापाशी आणि बसण्याच्या जागी आधी जाते, पदराकडे टिकते. जाणती बाई ते फाडताना हे पाहून फाडी. जो भाग दमदार तो गोधडीला, जो मऊ तो दुपट्याला, जो अगदी विरला तो बाळोत्याला. बाळोते फाटले की फडके, फडके संपले की पोतेरे. (काकड आरतीचा काकडाही चिंधीचाच, पण बाळोत्याच्या वाट्याला तो मान अर्थातच येत नसे.) बोहारिणीला यातले काही मिळत नसे, तिला घालण्याजोगे कपडे हवेत, आणि जरीचे असेल तर उत्तमच. म्हणजे बाळाच्या वाट्याला येई ते बाजारातली किंमत संपलेले कापड. पण ते बाळासाठी सर्वांत योग्यही असे, कारण वर्षानुवर्षे धुऊन त्याची खळ गेलेली, सूत नरम पडलेले. गरज आणि गुण यांचा असा मेळ वस्तूंच्या इतिहासात फार वेळा बसत नाही.

पाळणे आणि ओव्या यांत कुंची, वाळे, झबले, अंगडे-टोपडे यांना मान आहे; बाळोत्याला तसा नाही. हे समजण्यासारखे आहे. तरीही एक जुना ग्रंथ असा आहे की ज्याने मळलेल्या कापडाकडे सरळ पाहिले. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात सूतिकागार आणि नवजात बालकाची निगा यांचा विचार आहे. बालकाचे अंथरूण-पांघरूण मऊ, हलके, स्वच्छ आणि सुगंधी असावे असे तेथे सांगितले आहे. घाम, मळ, जंतू किंवा मलमूत्र लागलेले वस्त्र वर्ज्य करावे, असेही. येथवर चरक आणि आजची टाकाऊ लंगोटाची जाहिरात यांच्यात मतभेद नाही. पण लगेच पुढचे कलम येते. दुसरे वस्त्र मिळण्याचा संभव नसेल तर तेच वस्त्र नीट धुऊन, धुरी देऊन, शुद्ध आणि कोरडे करून वापरावे. धुरीच्या द्रव्यांची यादीही आहे : जव, मोहरी, जवस, हिंग, गुग्गुळ, वेखंड, आणि आणखी काही; त्यांत सापाची कातही आहे.

मला या उताऱ्यातील ते 'संभव नसेल तर' फार महत्त्वाचे वाटते. मूळ नियम फेकून देण्याचा आहे, आणि धुणे ही असंभवासाठी केलेली तरतूद आहे. याच संहितेच्या सूत्रस्थानात, पंधराव्या अध्यायात, औषधोपचाराच्या राजेशाही सरंजामाचे वर्णन केल्यावर ग्रंथकार थांबून म्हणतो की हे सारे सर्वांना जमणार नाही, दरिद्री माणसाने जे हाताशी असेल त्यावर निभावावे. शास्त्रकाराला ऐपतीचे भान आहे. आणि आपल्याकडील बहुसंख्य घरे पिढ्यानपिढ्या मूळ नियमात कधी नव्हतीच; ती त्या तरतुदीतच राहिली. धुणे, धुरी, कोरडे करणे, या तीन क्रियांवर महाराष्ट्रातील बाळंतघर उभे होते. ओवा, वेखंड, ऊद यांची धुरी बाळाला आणि त्याच्या कपड्यांना देत. कोकणातल्या पावसाळ्यात उन्हाचे नाव नसे, तेव्हा शेगडीवर बांबूची टोपली उपडी घालून तिच्यावर बाळोती वाळवत. तिन्हीसांजेनंतर बाळाचे कपडे बाहेर राहू देत नसत. त्याचे कारण दृष्टीचे सांगत. दवाने ओले होऊ नयेत हे कारण सांगत नसत, पण त्या नियमाने तेही साधे.

आणि या तीन क्रिया कोण करी? बाळंतपणाचे पहिले दहा दिवस सोयर. ज्या घरात विटाळ कडक पाळत तेथे बाळंतिणीच्या खोलीतले कापड घरच्यांनी शिवायचे नसे. ते धुण्याचे काम सुईणीकडे किंवा मोलाने लावलेल्या बाईकडे जाई, आणि ती बहुधा ज्यांना समाजाने एरवीही दूर ठेवलेले असे अशा जातींतली. घरचे कापड, घरचे पाणी, पण हात बाहेरचे. आणि ते हात विटाळाचे काम करतात म्हणून पुन्हा अस्पृश्य. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या पुस्तकात बलुतेदारांचा हिशेब सापडतो. परीट हा बलुतेदार, त्याची धुलाई खळ्यावरच्या धान्यात फिटे. पण बाळोती परटाच्या फेरीची वाट पाहू शकत नाहीत. सोयर फिटल्यावर ती घरातच धुवायची, रोज, दिवसातून अनेकदा. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणून तेथे आई, बहिणी, भावजया. पुढची सासरी, तेथे जिला कामाला नाही म्हणता येत नसे ती. काटकसरीने संसार केला असे आपण जुन्या पिढीबद्दल कौतुकाने म्हणतो, तेव्हा या ओल्या हातांचा हिशेब त्यात धरलेला नसतो.

भाषेने मात्र तो एका जागी धरून ठेवला आहे. 'तुझी बाळोती धुतली आहेत मी' हे वाक्य मराठी घरात वाढलेल्या कोणालाही अपरिचित नाही. आत्या, मावशी, मोठी बहीण, शेजारची काकू यांपैकी कोणीही ते म्हणू शकते, आणि ते म्हटले की समोरच्या कर्त्या पुरुषाचे वय एकदम तीन महिने होते. हे प्रेमाचे वाक्य आहे, पण ते मुख्यतः देण्याघेण्याचे वाक्य आहे. पावती नसलेल्या कामाची ती तोंडी पावती. गंमत अशी की ते प्रायः भांडणातच वापरतात, म्हणजे जुने येणे वसूल करताना. सोयरातली दहा दिवसांची बाळोती जिने धुतली, तिला हे वाक्य उच्चारण्याचा अधिकार त्या घरात कधी मिळाला असेल असे वाटत नाही.

स्वच्छतेचा प्रश्न येथे टाळता येणार नाही, कारण जुन्या कापडाच्या स्तुतीत तो हमखास गळतो. नीट न धुतलेली, दमट राहिलेली चिंधी नाळेशी लागली तर धनुर्वात होऊन अर्भक दगावे. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचे बाळ दहा दिवसांत गेले. कशाने गेले याची चर्चा येथे करीत नाही, पण पुढे १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो हिंदू आर्यांच्या प्रसूतिशास्त्राचा. जुने संस्कृत आधार आणि अमेरिकेतील नवे वैद्यक त्यांनी तेथे शेजारी ठेवले. कागदी रुमाल पुढे ज्या कंपनीने काढला ती स्कॉट कंपनी त्याच शहरात १८७९ मध्ये सुरू झाली होती. हा निव्वळ योगायोग, त्याला अधिक अर्थ चिकटवू नये. पण ज्या प्रश्नावर एका बाईने ग्रंथांतून उत्तर शोधले, त्याच प्रश्नावर त्याच शहरात काही वर्षांनी कारखान्याने उत्तर विकायला काढले, एवढे म्हणता येईल.

मग आपल्याकडचे बाळोते गेले कसे? पहिला धक्का दुसऱ्या महायुद्धात बसला. गिरण्या लष्कराच्या कापडात गुंतल्या, भाव चढले, आणि १९४३ मध्ये सरकारला सुती कापड व सूत यांवर नियंत्रणाचा हुकूम काढावा लागला. नवे कापड मिळेनासे झाले की जुने कापड निर्माण होणेही थांबते, कारण अंगावरचे लुगडे फाटेपर्यंतच नव्हे तर फाटल्यानंतरही नेसावे लागते. हा धक्का तात्पुरता होता. दुसरा कायमचा ठरला, आणि तो टंचाईने नव्हे, सुबत्तेने दिला. नायलॉन आणि पॉलिएस्टरच्या साड्या आल्या. त्या चुरगळत नाहीत, लवकर वाळतात, वर्षानुवर्षे फाटत नाहीत, आणि पाणी शोषत नाहीत. त्यांची बाळोती होत नाहीत. नेसणाऱ्या बाईचे त्यांनी कष्ट वाचवले यात शंका नाही. सुती लुगडे आपटून धुणे आणि पिळणे काय असते हे ज्याने पाहिले आहे तो नायलॉनला नावे ठेवणार नाही. पण घरात जुन्या मऊ कापडाचा जो साठा आपोआप तयार होत असे, तो त्यामुळे आटला. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या मोडीत निघत गेल्या. त्या इतिहासावर पुष्कळ लिहिले गेले आहे, त्याची पुनरुक्ती नको. तात्पर्य, वाइप्स मराठी घरात आले तेव्हा त्यांना बाळोत्याशी झगडावे लागले नाही. कपाट आधीच रिकामे होते. धुणारी बाई नोकरीला जाऊ लागली होती, आणि तिला कोणी परत मोरीवर बसवावे असे मला वाटत नाही.

अमेरिकेतील काटकसरी आईने कापडाकडे न जाता कागद का कापला, हे आता अधिक उलगडते. मेन राज्यातील सहा मुलांची आई एमी डेसिझिन हिने १९९० ते १९९६ या काळात 'द टाइटवॉड गॅझेट' नावाचे मासिक पत्रक काढले. या पिढीच्या काटकसरीचे ते मुखपत्र म्हणावे लागेल. चाइल्डबाईंची ही वारसदार पिढी. पण चाइल्डबाईंच्या घरात चिंध्यांची पिशवी होती, आणि हिच्या भोवतालच्या घरांत कागदाची गुंडाळी. जी वस्तू मुबलक, तिच्यातूनच काटकसर जन्मते. एकेकाळी चिंधीचा कागद होत असे. आता कागदाची चिंधी होऊ लागली.

या घरगुती कृतीत एक खोट आहे, आणि ती चरकाच्या तिसऱ्या क्रियेशी, म्हणजे कोरडे करण्याशी, संबंधित आहे. बाळोते कोरडे ठेवत आणि वापरताना भिजवत. ओला रुमाल मात्र कारखान्यातून निघाल्यापासून ओलाच असतो, आणि ओल्या तंतूंत बुरशी व जंतू वाढतात. म्हणून दुकानच्या डब्यात परिरक्षक रसायने घालावी लागतात. त्यांपैकी मेथिलआयसोथायाझोलिनोन या रसायनाला अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ चे 'वर्षाचे ॲलर्जीकारक द्रव्य' ठरवले. २०१४ मध्ये अमेरिकेतील बालरोगविषयक नियतकालिकात सहा मुलांची हकीकत आली : बरे न होणारे पुरळ, आणि ओले रुमाल थांबवताच ते गेले. युरोपीय संघाने पुढे अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांत हे रसायन वापरण्यास बंदी केली. दुसऱ्या बाजूचे सांगायचे तर २०१२ मध्ये मँचेस्टर येथील संशोधकांनी २८० नवजात बालकांवर केलेल्या चाचणीत ओला रुमाल हा कापूस-पाण्याच्या तुलनेत त्वचेला कमी प्रतीचा ठरला नाही. त्या चाचणीला पैसा ओले रुमाल करणाऱ्या कंपनीचा होता; म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही, पण वाचताना ते माहीत असावे.

घरच्या डब्यात परिरक्षक नाही, ही त्याची शोभा आणि हीच त्याची अडचण. पाणी उकळून घेतले तरी कापताना सुरी लागते, हात लागतात, आणि दर वेळी झाकण उघडते. म्हणून नंतरच्या काळात या कृतीला पुरवण्या जोडल्या गेल्या. थोडेच करावे, थोड्या दिवसांत संपवावे, वास आला किंवा ठिपके दिसले तर टाकून द्यावे. काहींनी कागद सोडून फ्लॅनेलचे चौकोन शिवून घेतले आणि ते लंगोटांबरोबर यंत्रात धुतले. आपल्याकडे कोणी मलमल आणते, कोणी पंचा कापते. यात एक विसंगती आहेच : फाडण्यासाठी नवे कापड विकत आणावे लागते, आणि ते मऊ पडेपर्यंत मूल रांगायला लागलेले असते. या कापडी कृतींतल्या ज्या अधिक सावध आहेत, त्या डबा भिजवून ठेवायला सांगतच नाहीत. कापड एका डब्यात कोरडे, पाणी वेगळ्या बाटलीत. लागेल तेव्हा, लागेल तेवढेच भिजवावे. झाकणाला छिद्र पाडण्याचे वाक्य या कृतींतून गेले आहे.